अर्ध्या गुंठ्यात अख्खं मंडळ

सिरसाळ्याच्या शिवारात चुलतभावाच्या सोयाबीनमध्ये पीक कापणी प्रयोग होता, म्हणून परळीहून सहज गेलो आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय!

कृषी सहायक, विमा कंपनीचा प्रतिनिधी, गावातली चार माणसं बांधावर उभी. भाऊ म्हणाला, तो पाणी साचलेला कोपरा कापा. विमावाल्याची नजर साहजिकच हिरव्यागार पट्ट्यावर. पण ऐकायचं कुणाचंच नाही! गाव, त्यातला गट नंबर, सगळं आधीच यादृच्छिक आकड्यांनी ठरलेलं. शेतातली जागासुद्धा तशीच: नैऋत्य कोपऱ्यापासून इतकी पावलं लांबीवर, इतकी रुंदीवर, तिथे पहिली खुंटी. मग खुंट्यांना दोरी ताणून 10 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन, म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. प्रत्येक तुकड्याला निवडलं जायची ठरलेली संधी, म्हणूनच त्या अर्ध्या गुंठ्याला बाकीच्या रानाबद्दल बोलायचा हक्क!

खरी गंमत दोरीवर आहे. दोरीवरच्या झाडाचं काय करायचं? बुडखा आत असेल तर आत, फांद्या कुठेही झुको. एवढ्याशा गोष्टीवरून 1940च्या दशकात मोठा वाद झाला, आणि त्यात आपला माणूस होता! साताऱ्याच्या बुध गावात 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. बंगालमध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ, प्रशांतचंद्र महालनोबिस, लहान तुकडे कापत होते. खर्च कमी, तुकडे जास्त. सुखात्म्यांचं म्हणणं, लहान तुकड्यात उतारा फुगतो, कारण कापणारा काठावरची झाडं आत ओढतो.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एक मीटरच्या चौकोनाला चारही बाजूंनी फक्त 5 सेंटिमीटर जास्त कापलं, तर क्षेत्र 21 टक्क्यांनी वाढतं. तेवढीच चूक 10 बाय 5 मध्ये केली, तर 3 टक्के! आणि ही चूक हजार तुकडे कापूनही जात नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला झुकते. मोजलेला उतारा आणि खरा उतारा यांत नशिबाने पडणारं अंतर मात्र प्रयोग वाढवले की आटतं. ते निम्मं करायला चौपट प्रयोग लागतात. ज्या महसूल मंडळाची सरासरी काढायची, ते दहा हजार हेक्टरचं की वीस हजारांचं, याने जवळपास फरक पडत नाही. उतारा शेताशेतात किती बदलतो आणि प्रयोग किती झाले, यावर सगळं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

विम्याची भरपाई मुख्यतः याच सरासरीवर ठरते. मागच्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पादन काढतात, यंदाचा उतारा त्याखाली गेला तरच पैसे. ओढ्याकाठी एकट्याचंच रान वाहून गेलं, तर ही सरासरी त्याला ओळखत नाही. त्याच्यासाठी वेगळा पंचनामाच हवा. म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे, गावात प्रयोग असेल त्या दिवशी बांधावर जाऊन उभे राहा. खुंटी आकड्याप्रमाणेच ठोकली का, दोरी ताणलेली आहे का, वजन समोर झालं का, हे बघा.

आता कापसाचा प्रयोग लागलाय. कापूस एका दमात निघत नाही, त्यामुळे त्याच चौकोनातली प्रत्येक वेचणी वेगळी तोलून बेरीज धरतात. दुसऱ्या वेचणीला मी जाणार, आणि शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरींनाही सोबत नेणार आहे.