कलाभवनाच्या वाटेवर

बडोद्यास आलेल्या पाहुण्यास मी राजवाड्याआधी कलाभवन दाखवितो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते स्थापिले. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे कारागिरीचे शास्त्र देशभाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते येथेच.

परवा तेथून परतताना एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डोकावलो. दांडिया बाजारातील आमचे शेजारी अण्णा तेथे निदेशक आहेत. लेथपाशी नवा पडदा लावलेला, आणि अण्णा खिन्न! "पंचवीस वर्षे हाताने शिकविले, आता आमचे काम काय?" मी निरुत्तर झालो.

तोच जवळच्या कारखान्यातील तरुण फोरमन आला. अण्णांचाच जुना विद्यार्थी. 'भारत स्किल्स' या सरकारी संकेतस्थळावरील चित्रफीत त्याने लावली, मध्येच थांबविली आणि म्हणाला, "सर, हत्यार बोथट झाले की आवाज कसा बदलतो, ते आता तुम्हीच सांगा." अण्णा उठले. मुले भोवती गोळा झाली.

गज्जरांनी विद्या शिकणाऱ्याच्या भाषेत आणली. नवे साधनही तसेच शिकविणाऱ्याच्या हाती उतरले पाहिजे. त्यासाठी त्याच्याशेजारी घटकाभर बसणारे कोणी हवे. वाचकहो, आपल्या घरी असा कोणी जाणता तरुण असेल, तर त्यास अवश्य धाडावे.