घरचे ध्वनिक्षेपक
ध्वनिक्षेपक बदलावयाचे ठरतांच आमच्या घरांत दोन पक्ष पडले. मुलांस चित्रपटांतील गडगडाट हवा. वडील मंडळींस तंबोऱ्याची जवारी. दुकानदार पांच पेट्या व एक सबवूफर असा संच सुचवीत होता. परंतु एकाच रकमेंत सहा नग बसवावयाचे म्हणजे डाव्याउजव्या पेट्या हलक्या येणार, आणि गाणें तर सर्वस्वीं त्यांवरच अवलंबून! किशोरी आमोणकरांचा भूप लावतांच तें उमगलें. मात्र दोनच पेट्या असल्या कीं पात्रांचा आवाज मधोमध भासतो तो मध्यभागीं बसणारासच. कडेच्या आरामखुर्चीस तो जवळच्या पेटींतून ऐकूं येतो. तेथें आमच्या आजी बसतात. संवाद कळेनात म्हणून त्या अलीकडे उठूनच जात. सबब आम्हीं दोन उत्तम पेट्या घेतल्या, व संवादांसाठीं पडद्याखालीं तिसरी. गडगडाटाचें पुढील दिवाळीस पाहूं.