श्रीवर्धनचा समुद्र किती तापला?

श्रीवर्धनला जायचे तर माणगावला रेल्वे सोडून म्हसळामार्गे एस.टी. पकडावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठवी-नववीची मुले घेऊन तिकडे गेलो. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे गाव, रोठा सुपारीचे गाव, एवढे पुस्तकी ज्ञान मुलांकडे होतेच. आम्हांला त्यांना समुद्र दाखवायचा होता, पण पोहण्यासाठी नव्हे.

गावातल्या वाड्यांमधून चालताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. एखादी उंच, जुनी पोफळ आणि तिच्याभोवती सगळी ठेंगणी झाडे. मधल्या वयाचे झाड जवळजवळ नाहीच. हे अंतर ३ जून २०२० चे आहे. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या मामूंची निम्म्याहून अधिक वाडी तेव्हा आडवी झाली. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला सहा-सात वर्षे जातात. मामू म्हणाले, "वाऱ्यानं झाडं पाडली ती आम्ही पाहिली. वाऱ्याला एवढं बळ कुठून आलं, ते सर, तुम्ही सांगा."

उत्तर समुद्रात आहे. चक्रीवादळ पोसले जाते ते गरम पाण्याच्या वाफेवर, आणि त्यासाठी पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर असावे लागते. अरबी समुद्र मे महिन्यात तीसच्या आसपास पोहोचतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढले.

"फक्त एक अंश?" एका मुलीने विचारलेच. मग मामूंच्या ओसरीवर आम्ही मेणबत्ती लावली आणि दोन फुगे घेतले. हवेचा फुगा ज्योतीवर धरताच फुटला. पाणी भरलेला मात्र काळा पडला, पण टिकला. पाणी उष्णता गिळते आणि स्वतः फारसे तापत नाही. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर थरात जेवढी उष्णता मावते तेवढी वरच्या सबंध वातावरणात मावते. म्हणून समुद्राचा एक अंश म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रातच जाते.

पण हे मोजतात कसे? पूर्वी खलाशी कॅनव्हासची बादली सोडून पाणी वर ओढत आणि त्यात थर्मामीटर बुडवत. बादली वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी थोडे थंड होई. (माठातल्या पाण्याचाच न्याय.) पुढे इंजिनसाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवू लागले, तर इंजिनखोलीच्या उबेने ते किंचित जास्त भरे. जुन्या वह्यांतले हे फरक शोधून आकडे दुरुस्त करण्यात शास्त्रज्ञांची वर्षे गेली. आम्हांला या सगळ्या कहाणीत हेच काम सर्वांत मोठे वाटते, जरी त्याची बातमी कधी होत नाही.

आता हे काम आर्गो नावाचे तरंगते नळकांडे करते. जगभरच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार आहेत. हजार मीटर खोलीवर ते आठ-नऊ दिवस वाहत राहते, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येता येता तापमान व क्षार मोजते. वर आले की उपग्रहाला आकडे पाठवून पुन्हा बुडी. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही. आतले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की आकारमान वाढते आणि ते वर तरंगते. भारताच्या आर्गोंचे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. हैदराबादला समुद्र नाही, यावर मुले बराच वेळ हसली.

कारणाबद्दल मुलांनी दोन शंका काढल्या. सूर्यच जास्त तापला असेल तर? उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात तशी वाढ नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होत आहे. मग समुद्रतळाचे ज्वालामुखी? तसे असते तर पाणी तळाकडून तापत आले असते, पण वाढ वरच्या थरांत अधिक आहे. उरतो तो कोळसा, डिझेल, पेट्रोलचा धूर. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ साली दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, आज ४२० च्या वर आहे. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

असरनंतर आम्ही जीवना बंदरावर गेलो. वरचे पाणी तापले की ते हलके होऊन वरच राहते आणि खालचे खतपाणी वर येणे कमी होते. मग माशांचे सूक्ष्म खाद्य घटते. हे आम्ही मुलांना समजावत होतो, तेवढ्यात जाळे विणणारे एक तांडेल म्हणाले, "ते आम्हाला रोज कळतं." त्यांनी मोबाईल दाखवला. इन्कॉइसकडून मच्छीमारांना मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे ते दिशा आणि अंतरासह येते. त्या दिवशीचे अंतर त्यांनी वाचले, मान हलवली आणि म्हणाले, "तिथवर जायचं डिझेल धरलं, तर बांगडा विकून हाती काय राहील?" मुले वह्या काढून त्यांच्याकडून डिझेलचा भाव, नावेचा खप आणि टोपलीचा दर विचारू लागली. हिशेब अंधार पडेपर्यंत चालला होता.