परड्यातली वस्ती

अगं,

फोनवर तू कायम घाईत, म्हणून ही बातमी पत्रातच सांगते. परड्यातल्या लिंबाला यंदा पानं म्हणून उरलेली नाहीत, आणि मला त्याचा भारी आनंद झालाय!

आधी वाटलं, पानांवर पाखरांनी घाण केलीय. वाकून बघितलं तर अळ्या. कुणी टिपून खाऊ नये म्हणून लहानपणी त्या तसलं सोंग घेतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. आणि काडीनं डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगांची जोडी काढून असला उग्र वास सोडतात! झुरळ दिसलं की बाकावर चढणारी तू, इथं असतीस तर थेट गच्ची गाठली असतीस. शेजारच्या काकू म्हणतात, औषध मारा. मी नाही मारणार. यातून साधं लिंबावरचं फुलपाखरू निघेल, नाहीतर नीलवंत निघेल. तेच ते काळंभोर, पंखांवर निळाई असलेलं. 2015 साली आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून त्याला मान मिळाला. पानं काय, या पावसात फुटतीलच.

आणि धामणीचं तुला सांगायचंच राहिलं. मागच्या रानातला ऊस तुटला की उंदरं घराकडं सरकतात आणि त्यांच्या मागोमाग ही. यंदा तोडीच्या दिवसांत शेडखालून निवांत बाहेर आली, माझ्याहून लांब. शेजारचे काका काठी घेऊन धावले, तर सासूबाई मध्ये उभ्या. "काठी ठेवा आधी खाली. बिनविषारी हाय ती. उंदरं काय तुम्ही धरणार हाय व्हय?" काकांनी गुपचूप काठी टेकवली. सर्पमित्र येईपर्यंत धामण बांधापलीकडं गेली होती, मग त्या पोराला चहा-बटर देऊन पाठवलं.

गव्यांचं मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. 2021 च्या डिसेंबरात ते पार पंचगंगेच्या काठापर्यंत आले, तेव्हा बघ्यांची केवढी गर्दी लोटली होती! त्याच दिवसांत भुयेवाडीकडं एका तरुण पोराचा जीव गेला. तुला सांगते, त्या आठवणीनं अजून पोटात कालवतं. दाजीपूरच्या रानाला 1958 पासून आपण अभयारण्य म्हणतो, पण ऊस रानाला जाऊन भिडला तर जनावरानं थांबायचं कुठं? वाट चुकून आलेल्याला परतीची वाट मोकळी ठेवायची, मोबाईल घेऊन मागं लागायचं नाही, एवढं तरी आपल्याला जमायला हवं की नाही?

असो. भारद्वाज रोज येतो, कुंपणाशी गोगलगायी वेचतो. त्याचं दर्शन झाल्याशिवाय सासूबाई गावाला निघत नाहीत. त्यापायी परवा निपाणीची एसटी चुकली, तरी त्यांचा चेहरा प्रसन्न. वळवानंतर डबक्यात पिवळेजर्द बेडूक जमलेत, आणि त्यांच्या आवाजापुढं सासूबाईंच्या मालिकेतलं एक अक्षर कळत नाही.

तू गणपतीला येतेयस ना? तेव्हा परड्यात गवत कमरेला लागेल. मी ते काढणार नाहीय, मुंगसाची ये-जा असते त्यातून. धुणं वाळत घालायला जाशील तेव्हा जरा पाय आपटत जा; जमिनीची थरथर धामणीला लगेच कळते, आणि तीच बाजूला होते. बाकावर चढायची गरज नाही. तारीख तेवढी आधी कळव.

तुझीच