तीन मिनिटांचा गुरू

मैफलीच्या मध्यंतरात, वड्याच्या रांगेत, हल्ली एक तक्रार हमखास कानावर पडते. ‘ही पोरं यूट्यूबवरून गाणं उचलतात हो, गुरू पाहिजे कुणाला!’ बोलणारे काका बहुधा भीमसेन जोशींचे भक्त असतात. आणि भीमसेनांना गाण्याचं वेड लागलं ते एका यंत्रापायीच. गदगच्या एका दुकानात ग्रामोफोनवर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी वाजायची आणि हा शाळकरी मुलगा तिथेच खिळून राहायचा. तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. सुई उचलली की गाणं संपलं.

तसा हा मुलगा हरवण्यात तरबेज होताच. रस्त्यानं भजन निघालं, वाजंत्री निघाली की हा मागोमाग, आणि दमला की जिथल्या तिथे झोपलेला. वडील शिक्षक. शोधून शोधून जेरीस आल्यावर त्यांनी पोराच्या शर्टावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहूनच टाकलं, म्हणजे सापडेल त्यानं घरी आणून पोचवावा. आजच्या आईबापांनी मनगटावर ठावठिकाणा सांगणारं घड्याळ बांधलं असतं. मग हिंदुस्थानी संगीताचं काय झालं असतं, हा विचार मी फार ताणत नाही.

१९३३ साली, अकराव्या वर्षी, तो खरोखरच पळाला. निमित्त भातावरच्या तुपाचं झालं, असं सांगतात. तिकीट नाही, पैसे नाहीत. डब्यात गाणी म्हणत ग्वाल्हेर, कलकत्ता, पार जालंधरपर्यंत मजल. तिथे विनायकबुवा पटवर्धन भेटले. ते म्हणाले, इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या गावाजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. सवाई गंधर्व म्हणजे त्या तबकडीतल्या खाँसाहेबांचेच शिष्य! कुंदगोळला गुरूच्या घरी पाणी भरायचं आणि तोडी, मुलतानी, पूरिया घोटत बसायचं. वर्षानुवर्षं तेच.

माझं म्हणणं एवढंच, की यंत्राला दोष देऊ नये. तेव्हाची तबकडी भूक लावायची, पोट भरायची नाही. आताचा फोन भूक लागायच्या आतच वाढायला घेतो. झिंझोटी संपते न संपते तोच पुढची ठुमरी सुरू. दुकानाबाहेर उभं राहून ‘हे कोण गातंय, आणि ते भेटतील कुठे’ असं वाटायला मध्ये थोडी शांतता लागते.

गवयाच्या प्रवासाचे दिवस मात्र मी गोंजारणार नाही. मिरजेचे तंबोरे, भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून गवसणीत घालून, गर्दीच्या डब्यात मांडीवर सांभाळत न्यायचे. मुक्कामी पोचल्यावर जवारी बिघडलेली, की दोरा सरकवत बसा. खुद्द खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडच्या दौऱ्यात आगगाडीतच अत्यवस्थ झाले, सिंगपेरुमालकोइल या छोट्या स्टेशनवर उतरले आणि फलाटावरच गेले. त्या मानानं भीमसेनांच्या वाट्याला विमानं आली. इतकी, की लोक गमतीनं ‘हवाई गंधर्व’ म्हणू लागले. विमान नसेल तिथे साथीदारांना गाडीत घालून स्वतः रात्रभर गाडी हाकायची. आज तंबोरा फोनमध्ये मावतो. कितीही वेळ वाजवा, उतरत नाही. सूर लावून देणाऱ्या शिष्याला मात्र मागे बसून गुरूचं गाणं फुकटात मिळायचं, ती सोय गेली.

रेकॉर्डिंगचंही तसंच. साडेतीन मिनिटांत राग उभा करायचा तर नको ते आधीच गाळून यावं लागे, आणि चुकलं तर मेणाची चकती वाया. पुढे एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, आणि ख्यालाला हातपाय पसरता आले. मग कॅसेटनं भीमसेनांची ‘संतवाणी’ स्वयंपाकघरात आणली. आता तुकडे जोडता येतात, उतरलेला सूर संगणकावर चढवता येतो. निर्दोष निघतं सगळं. पण भीमसेनांची तान तारसप्तकात झेपावताना, पोचते की नाही म्हणून आपलाच जीव वर व्हायचा. त्या जागा कुणी दुरुस्त केल्या असत्या तर मी ऐकल्याच नसत्या.

भीमसेनांच्या गुरूच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ १९५३ साली सुरू झालेला ‘सवाई’ महोत्सव पुण्यात रात्ररात्र चालायचा. डिसेंबरची थंडी, सतरंजीवर शाली, थर्मास, घोंगड्यात झोपलेली पोरं. उत्तररात्री मालकंसात शेजारच्या अनोळखी गृहस्थाचं डोकं आपल्या खांद्यावर. शेवटच्या सकाळी भीमसेन बसायचे, आणि सकाळची तोडी सकाळीच ऐकायला मिळायची. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, या नियमानं ते सगळं आवरलं. नियम चुकीचा, असं म्हणवत नाही. मांडवाशेजारी राहणाऱ्यांनी वर्षानुवर्षं निमूट जागरण केलंच होतं. पण ललत, तोडी आता ऐकायची कधी? दिवाळी पहाटेला जावं, तर तंबोरे जुळतात न जुळतात तोच मागल्या रांगेतून अभंगाची फर्माईश येते.