पत्ता विचारायचा कोणाला?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण सुगी! सप्टेंबरात सस्काटूनच्या बाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर गहू आणि कनोला (आपल्या मोहरीचा चुलतभाऊ), आणि धान्याचे ट्रक एलेव्हेटरकडे निघालेले. एलेव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे हं, धान्याचं उंच कोठार. अशाच एका धान्यवाल्या गिऱ्हाइकाचे संगणक मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, तर मायक्रोसॉफ्टच्या ऍझुर क्लाउडमधली चाळीसेक व्हर्च्युअल मशीन्स. हात लावायला काही नाही!

त्यांचे जुने डीएनएस सर्व्हर काढून नवे बसवायचे होते. डीएनएस म्हणजे आपला नाक्यावरचा पानवाला. नाव सांगितलं की घर दाखवतो. (पुण्यात ज्या दुकानांवर 'येथे पत्ता विचारू नये' अशी पाटी असते, ती सोडून.) पूर्वी सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि ती प्रत्येकाने उतरवून घ्यायची. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची कल्पना मांडली आणि त्या फाइलीतून सुटका झाली.

तर झालं असं की, रविवारी रात्री साडेदहाला, म्हणजे पुण्यात सोमवारी सकाळी दहाला, आईशी फोनवर बोलत बोलतच मी व्हर्च्युअल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये नव्या सर्व्हरचे पत्ते टाकले. "अरे, आधी काम कर, मग बोल," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. तीन मशीन्स तपासली, सगळं छान. जुने सर्व्हर बंद केले आणि झोपलो.

सकाळी सातला फोन. वजनकाट्याच्या प्रोग्रॅमला डेटाबेस सापडत नव्हता. काटा बंद, पावती बंद, बाहेर ट्रकची रांग. आणि दुपारी पावसाचा अंदाज! ट्रक रिकामा झाल्याशिवाय शेतकरी परत शेतात जाणार कसा? उभं पीक भिजलं की गव्हाची प्रत उतरते आणि भावही.

चूक माझीच होती. मशीन सुरू होताना नेटवर्कला विचारतं, माझा पत्ता कोणता आणि नावं कोणाला विचारू? याला म्हणायचं डीएचसीपी. मिळालेलं उत्तर ते लीज संपेपर्यंत जपून ठेवतं. एका मशीनवर लीजची तारीख पाहिली, तर ती शंभराहून जास्त वर्षांनंतरची! सेटिंग मी बदललं होतं, पण मशीन्सनी परत विचारलंच नव्हतं. बिचारी बंद पडलेल्या पानाच्या टपरीसमोर उभी राहून पत्ता विचारत होती. मग रात्री कसं चाललं? मी तपासलेल्या तीनपैकी दोन नुकतीच रीस्टार्ट केलेली होती आणि तिसऱ्याला आधी मिळालेली उत्तरं थोडा वेळ लक्षात होती. तो वेळ संपला तेव्हा मी घोरत होतो.

पहिलं काम म्हणजे जुने सर्व्हर पुन्हा चालू केले. पाच-दहा मिनिटांत काटा हलला. हे आधी सुचलं म्हणून बरं, नाहीतर एकेक मशीन रीस्टार्ट करत बसलो असतो. मग संध्याकाळी, काटा बंद झाल्यावर, यादी छापून घेतली आणि प्रत्येक मशीनवर 'आयपीकॉन्फिग रिन्यू' चालवून पेनने टिकमार्क केली. दोन मशीन्स तरी ऐकेनात. त्यांच्या आत कोणीतरी कधीतरी जुने पत्ते हाताने भरून ठेवले होते. (हा कोणीतरी बहुधा मीच.)

पाऊस चारला आला. तोवर रांगेतले बहुतेक ट्रक रिकामे झाले होते, बहुतेकच. शेवटच्या तिघांना ताडपत्री ओढून थांबावं लागलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने काट्यावरच्या मुलीला विचारलं म्हणे, की पूर्वीचा कागदी पावत्यांचा गठ्ठा फेकून दिलात का?

जुने सर्व्हर अजून महिनाभर चालू ठेवलेत. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता फोन कधी करू?"