मधली जाळी

आमच्या घरात प्राणी पाळण्याची हौस मला सोडून सगळ्यांना. सकाळी मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, दुपारनंतर घरचं बघते. त्यात आणखी दोन तोंडं कशाला, असं माझं सरळ मत. पण गेल्या जूनमध्ये धाकटीच्या वाढदिवसाला हे खोक्यातून गिनीपिगची जोडी घेऊन आले. 'नर-मादी आहे साहेब,' असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. म्हणून एकाचं नाव ठेवलं गोट्या आणि दुसरीचं चिंगी.

तीन-चार महिने दोघांचं असं गूळपीठ की बघत राहावं! एकमेकांना टेकून झोपायचे. कोथिंबिरीची एकच काडी दोन टोकांनी खात यायचे आणि मध्ये नाकाला नाक लागायचं. दसऱ्याच्या सुमारास मात्र काहीतरी बिघडलं. मानेवरचे केस फुलवून, मागचं अंग डोलवत, घशातून घुरघुर आवाज काढत दोघं एकमेकांभोवती फिरू लागले. धाकटीला वाटलं, नाचताहेत. मग दात कटकट वाजायला लागले आणि एका संध्याकाळी जी झटापट झाली, तीत चिंगीचा ओठ फाटला. मोठा मुलगा हात घालायला धावला. त्याला मी मागे ओढलं आणि हाताशी होता तो पंचा दोघांच्या मध्ये टाकला. भांडणाऱ्या गिनीपिगांच्या मध्ये उघडा हात कधी घालू नये. रागाच्या भरात ते कुणालाही चावतात.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात म्हशींच्या रांगेत टोपली घेऊन उभी राहिले. डॉक्टर चिंगीला उलटी धरून हसले. "बाई, हीसुद्धा नरच आहे. आता दोघं वयात आले. काही नरांचं जन्मभर जमतं, काहींचं नाही. रक्त निघालंय, आता एकत्र ठेवू नका."

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "करा वेगळे. आपल्या घरात रीत आहेच."

हा टोला मला होता. मैत्रिणींनो, आमचं घर एक आणि चुली दोन. मी आणि माझी जाऊ दहा वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक करत होतो. मग मागच्या उन्हाळ्यात बिनसलं. कारण काय, हे आज लिहायला बसले तर चार ओळीही भरणार नाहीत. पण मधलं दार बंद झालं, आमच्या बाजूने त्यापुढे कपडयांचं कपाट आलं. सासूबाई एक महिना इकडे, एक महिना तिकडे जेवू लागल्या.

गोट्याला आम्ही पुढच्या खोलीत ठेवलं, चिंगीला मागच्या पडवीत. भांडण मिटलं म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. पण चौथ्या दिवशी चिंगी कोपऱ्यात तोंड खुपसून बसली आणि ढोबळी मिरचीलाही तिने तोंड लावलं नाही. (आपल्यासारखंच यांच्याही शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरची रोज लागते.) दिवसभर न खाणं या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतं. पुन्हा दवाखाना. ओठ बरा झाला होता, दातही ठीक होते.

डॉक्टर म्हणाले, "ही मूळची दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातली, कळपाने राहणारी जात. भांडले म्हणून एका पिंजऱ्यात कोंबायचं नाही, तसं एकमेकांच्या नजरेआडही करायचं नाही. मध्ये जाळी घाला."

"एखादी मादी आणली तर?" ह्यांनी विचारलं.

"मग तिच्यावरून आणखी भांडतील. शिवाय दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं होतात, आणि नर पिल्लू तीन-चार आठवड्यांत बाप व्हायच्या लायकीचं होतं. घराचा गोठा होईल!"

स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे, असं मी नंतर वाचलं. एवढ्याशा जिवाच्या सोबतीचा विचार कुणीतरी कायद्यात लिहून ठेवावा, याचं मला फार नवल वाटलं.

सुताराकडून सहा फूट लांब, अडीच फूट रुंद असा लाकडी कठडा करून घेतला. जाळीचा प्रश्न आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझ्या दुधाच्या कपाटाची दारं आहेत की. बारीक, भक्कम जाळी. पण ती पलीकडच्या माळ्यावर आहेत."

दोन दिवस मी विकतची जाळी शोधल्याचं सोंग केलं. चिंगीला वाटून भरवत होते, पण ती हातात हलकी लागू लागली. तिसऱ्या दिवशी पुढच्या दाराने, परक्यासारखी कडी वाजवून जावेकडे गेले. काय बोलावं ते सुचेना. म्हटलं, "वहिनी, जाळीचं दार हवं होतं." त्यांनी काही विचारलं नाही. स्वतः माळ्यावर चढल्या, दार पुसलं आणि दुसरं टोक धरून माझ्याबरोबर आल्या.

कडा टोचू नयेत म्हणून आम्ही दोघींनी त्यांवर कापडी पट्टी शिवली. जाळीची भोकं इतकी बारीक की पलीकडून नाक चावता येत नाही, पण दिसतं, वास येतो, आवाज येतो. दोन्हीकडे वेगळं पाणी, वेगळी वाटी, वेगळं खोकं, आणि खोक्याला दोन दारं, म्हणजे कुणी कोंडला जात नाही. खाली कागद आणि जुन्या लुगड्याच्या घड्या. मांजराच्या भीतीने वर झाकण. गवत मात्र जाळीला लागूनच ठेवायचं, दोन्ही बाजूंनी, म्हणजे दोघं समोरासमोर जेवतात.

पहिल्या दिवशी दात वाजले. दुसऱ्या दिवशी चिंगीने दूर्वा खाल्ल्या. आठवड्याने पाहिलं, तर दोघं जाळीला पाठ लावून झोपले होते.

जाळी काढून बघूया, असं मुलं अधूनमधून म्हणतात. मी काढू देत नाही. ती आहे म्हणून तर एवढं जवळ निजता येतं.

आमच्याही चुली दोनच आहेत. त्या पुन्हा एक होतील असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर व्हाव्यात असंही नाही. पण संक्रांतीच्या आधी मी आणि ह्यांनी मिळून मधल्या दारापुढचं कपाट सरकवलं. आता रोज सकाळी भाजी निवडून झाली की त्या दारातून हाक येते, "कोथिंबिरीच्या काड्या ठेवल्यात हो, गोट्या-चिंगीला!" काड्यांबरोबर कधी वाटीभर आमटीही येते. सासूबाई कुठल्या महिन्यात कुठे जेवतात, याचा हिशेब हल्ली कुणी ठेवत नाही.